फुंकणी मोडीत

पंचफुलाबाईच्या घरी गॅस आला, त्याच दिवशी तिनं लोखंडी फुंकणी मोडीत घातली. भंगारवाला म्हणाला, राहू द्या, सिलिंडर संपलं तर लागंल. "संपलं तं उपाशी राहीन. पन आता चुलीत फुकनार नाई."

नांदगाव खंडेश्वरच्या या बाईचं अर्धं आयुष्य रस्त्याच्या कामावर गेलं. दिवसभर गिट्टी अन् डांबर, सांजेला ताडपत्रीखाली ओल्या बाभळीच्या काड्या. पावसात चूल कशी पेटवायची, हे तिला विचारू नका. शिवी देईल. धुरानं डोळे अधू केले, वर जन्माचा खोकला दिला.

आणि तिचा लेक धर्मेंद्र, अकोल्यात सरकारी नोकरीवाला, ऐन श्रावणात तिला घेऊन गेला कुठं? तर परतवाड्याच्या वर, मेळघाटात, तंबूत राहायला! पदरचे पैसे देऊन चिखलात झोपायचं! तंबू गळका, गादीला ओल्या कुत्र्याचा वास. चहात पडलेलं चिलट सून ज्योत्स्नानं चमच्यानं काढलं आणि तोच कप सासूपुढे केला. पंचफुलाबाईला शिसारी आली.

दुपारी धर्मेंद्रनं तंबूपुढं तीन दगडांची चूल मांडली आणि डिकीतून कोरी पितळी फुंकणी काढली. "माय, आज तुह्या हातचे, गवऱ्यांवर भाजलेले रोडगे! ज्योत्स्ना व्हिडिओ काढते. ऑफिसातल्या लोकायले दाखवतो, माही माय कशी रांधे ते."

"गॅसची शेगडी काहून नाई आनली?"

"मुद्दाम. त्यात मजा नाई येत न."

मजा! जिनं तो धूर गिळला तिला विचारा.

"मी फुकत नाई. तुले मालूम हाय."

"आई, दोन मिनिटं फक्त," ज्योत्स्नानं मोबाइल सरसावला.

"दोन-दोन मिनिटं करताच डोये गेले माहे, बाई. धर्मेंद्र, बस थ्या चुलीपाशी. तूच फुक."

छत्रीखाली धर्मेंद्र फुंकू लागला. ओल्या गवऱ्यांतून पांढरा धूर उठला आणि पंचफुलाबाईनं नाक आक्रसलं.

"थांब! गवऱ्या कुठून आनल्या बे?"

"ऑनलाइन. पॅकिंगच्या."

तिनं वेष्टन नाकाशी नेलं. भपकन कापूर! वर छापलेलं, हवनासाठी.

"अरे बयताडा! तुह्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरातून होम-हवन बाह्यर काढलं. अन् तू त्याच्या घरचे रोडगे होमात भाजून राहिला!"

ज्योत्स्नाला हसू आवरेना. मोबाइल चालूच.

रोडगे वरून कोळसा, आत कच्ची कणीक. पंचफुलाबाईनं तुकडा तोंडात घातला आणि लगेच थुंकली. "थू! आरती खाल्ल्यावानी लागते."

धर्मेंद्रचे डोळे लालभडक, नाक गळत होतं. "माय, आता तूच पाह्य न. सारे उपाशी हाओत."

"नाई."

"माय, तू रोज हे..."

"रडू नको. धूर हाय तो. परतवाड्याले चाल."

परतवाड्यात टपरीवर गरम भजी मिळाली. गॅसची निळी आच पाहत पंचफुलाबाईनं पोटभर खाल्ली. मग समोरच्या भंगाराच्या दुकानात गेली आणि पिशवीतून फुंकणी काढून तराजूत टाकली.

"मावशी, हे तं नवी हाय!"

"एक डाव वापरली," ती म्हणाली. मागं धर्मेंद्र डोळे चोळत उभा होता. "इचार त्याले."