मागचे गठ्ठे

आमच्या साहेबांबरोबर पंचवटीच्या भाजीबाजारात जायचं म्हणजे मला लाजच वाटायची. वरचे टोमॅटो बाजूला सारून ते थेट ढिगाच्या तळाला हात घालत. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "सायेब, टमाटे हायेत, कंटेनर नाय!" त्यावर ते मनापासून हसले.

नाशिकजवळच्या कंटेनर डेपोत तेव्हा कस्टमच्या निम्म्या जागा रिकाम्या होत्या. नव्यानं लागलेल्या आम्हा दोघींना साहेबच शिकवत. त्यांचं एकच सांगणं असे, "दारातला माल सगळेच दाखवतात. तुम्ही मागचा बघा."

एका सकाळी परदेशातून चिंध्यांचा कंटेनर आला. साहेब म्हणाले, "हा तुम्ही दोघीच तपासा. मी लांब थांबतो. माल माझ्या थोरल्या भावाचा आहे."

भाऊ शेजारीच हसत उभे होते. आम्ही पुढचे गठ्ठे फोडले, तर खरंच चिंध्या निघाल्या. संकोचून मी म्हटलं, "ठीक आहे, साहेब."

"आणि मागचं कोण बघणार?" ते इतक्या जोरात ओरडले की हमालही दचकले.

मागच्या गठ्ठ्यांत कोरी करकरीत जाकिटं होती. आयातीवरची ड्युटी चुकवायला चिंध्या म्हणून आणलेली.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, आईला काय तोंड दाखवू?"

"आईला मी सांगतो, दादा. तू आत चल, जबाब द्यायचाय."

सील करायची तार माझ्या हातून गळून पडली. साहेबांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली. त्यांची बोटं बर्फासारखी गार पडली होती.