भेकरांच्या ताटाला झटका

पाहुण्याला जेवायला बोलावून त्याच्या नाकावर वीज मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या वालाच्या शेताला खेटून आला. मुंबईचा शेठ. पनवेलच्या डोंगराकडच्या अंगाला आमच्या बांधापलीकडची जमीन त्याने घेतली, फार्महाऊस बांधलं आणि उरलेल्या तुकड्यात चवळी, मका आणि कसलंसं विलायती गवत पेरलं. खताचा मारा असा, की मक्याचं टोक बघताना माझी टोपी दोनदा मागे पडली.

"शेठ, हे कुणासाठी?"

"जंगली जनावरांसाठी, काका. याला फूड प्लॉट म्हणतात. डोंगरातली भेकरं येतील, खातील. निसर्गाला आपण काहीतरी रिटर्न द्यायला पाहिजे ना?"

भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं बुटकं हरीण. त्याच्यासाठी कुणी मका पेरतो हे ऐकून मला भरून आलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, माणूस नाही, देव आहे. आठ दिवसांनी बघतो तर देवाने त्या ताटाभोवती पाच पदरी तार ओढलेली, लोखंडी अँगल पुरलेले आणि कोपऱ्यात सोलरवरचं झटका मशीन, टक टक टक.

"आता हे कशाला?"

"नाहीतर भेकरं खाऊन टाकतील ना, काका!"

मी कान खाजवला. त्याने समजावलं. फेब्रुवारीत एका रविवारी त्याचे मित्र येणार. तोवर पीक वाढवायचं. त्या दिवशी सकाळी अकराला फाटक उघडायचं, भेकरं आत शिरणार आणि मंडळी मचाणावरून फोटो काढणार. त्या मचाणाला पंखा होता. कमोड होता. शी! चाऱ्याच्या वासाने जनावराला डोंगरावरून खाली ओढायचं, दोन महिने झटके द्यायचे आणि मग मुहूर्तावर वाढायचं.

आणि झटका खाल्लेलं भेकर जाणार कुठे? वळून थेट माझ्या वालात.

इथे माझी गोची समजून घ्या. आमची खालची सगळी जमीन उलव्याकडची, ती विमानतळात गेली. तिथे आता माणसांपेक्षा क्रेन जास्त. राहिला हा डोंगराखालचा तुकडा, आणि त्यात माझ्या आजीच्या हातचं वालाचं बियाणं, बारीक, कडवं, बाजारात कुठे मिळत नाही असं. मागच्या हिवाळ्यात मी दोस्तांना पोपटीला बोलावलं. कोवळ्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, जाळ. एक मडकं संपलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं, आणि सकाळी शेतात बियाला एक शेंग उरली नव्हती. बायको महिनाभर माझ्याशी भांड्यांमार्फत बोलत होती. यंदा तिने डब्याच्या तळाशी राहिलेलं पेलाभर जुनं बी पेरलं. ते गेलं की वाल संपला, कायमचा.

"पोपटीत तुमी खाल्ला," ती म्हणाली, "आता उरलेला भेकरा खातील. मी बगत बसू?"

मी शेठकडे गेलो. म्हटलं, तुमची तार माझ्या शेतालाही गुंडाळा. तो म्हणाला, "काका, तुमचा एरिया वेगळा, माझा व्हिजन वेगळा."

मग मी आमचं जुनं औषध काढलं. मासळीच्या वासाला भेकर बिचकतं. आमच्यात शेताच्या कडेने जवळा धुतलेलं पाणी शिंपडतात. पण मला पाण्यावर भागवायचं नव्हतं. उरणहून मीठ लावलेले अर्धे ओले बोंबील आणले, असे वासाचे की रिक्षावाल्याने मला मागच्या सीटवरून टपावर बसायला सांगितलं. आता बोंबील टांगायचे कुठे? जन्मभर बोंबील दोरीवरच वाळताना पाहिलेले. समोर शेठची तार आयती, माझ्याच बांधावर. घातला हात.

तो झटका! माझी कवळी न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये सापडली असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ती चवळीत पडली. पण मी हटलो नाही. काठीने एकेक जोडी तारेवर चढवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून शेपट्या लोखंडी अँगलला बांधल्या. चांगल्या साठ-सत्तर जोड्या.

ओल्या मिठाच्या माशाची एक बाजू तारेला, दुसरी जमिनीत पुरलेल्या लोखंडाला. सगळा करंट बोंबलांतून खाली गेला. मशीन टक टक करत राहिलं, तार मेली. आधी मांजरं जमली, पनवेल तालुक्यातली होती नव्हती तेवढी. मग भेकरं आली. चार दिवस नाक लांब ठेवून उभी राहिली, पाचव्या दिवशी एकाने तारेला नाक लावलं. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात ती दिवसाढवळ्या तारेखालून ये-जा करत होती, आणि माझ्या वालाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी बांधावर बसून सरकारी इंजिनियरसारखा पाहणी करत होतो.

रविवारी पाहुणे आले. अकराला फाटक उघडलं. आत बुडखे. वारा मचाणाकडे. एका बाईंनी कॅमेऱ्याच्या पिशवीतच ओकारी केली. शेठ नाकाला रुमाल लावून माझ्याकडे धावला.

"काका, तुम्ही माझा प्लॉट खलास केला!"

"मी कुठे? भेकरांनी खाल्ला. त्यांच्यासाठीच होता ना?"

"आज खायचं होतं! आज! अकरा वाजता!"

त्या तोंडाकडे बघून मला बोंबलांपेक्षा त्याची जास्त किळस आली. संध्याकाळपर्यंत त्याने ठिबक बंद केलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर फिरवला. आता म्हणे तिथे लॉन. मशीन, तार आणि अँगल कचऱ्यासारखे बांधावर आणून टाकले.

भेकरांचं पोट मात्र रविवारी संपत नाही. ती परत आली आणि चवळी दिसेना म्हणून वालात उतरली. मी जवळ्याचं पाणी शिंपडलं. ती त्या वासावर चालत आली! मीच तर शिकवलं होतं, मासळी घमघमते तिथे जेवण असतं.

शेंगा भरल्या होत्या, पण हिरव्या. बियाला अजून पंधरा दिवस हवे होते. बायको उन्हात ताट बडवत दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या सकाळी ती म्हणाली, "ती झटक्याची पेटी लावा."

तारेवरचे बोंबील सोडवून मी लावली. शेठचीच तार, शेठचेच अँगल. एक मादी आली, बोंबलाच्या आठवणीने बिनधास्त, आणि ओलं नाक थेट तारेला. ती गुडघ्यांवर बसली. ओरडली ते भुंकणं नव्हतं. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि तो वाढवून सांगायची मला हिंमत नाही. मी जाऊन बटण बंद केलं. बायकोने येऊन चालू केलं.

"बी पायजे का नाय?"

"पायजे."

"मंग तकडं बगू नका."

पंधरा दिवस मी तिकडे पाठ करून बसलो. टक टक ऐकत. मचाणावरच्या त्या माणसाला काय म्हणून नावं ठेवायची, हे मला तेव्हापासून सुचेनासं झालंय.

वाल निघाला. बायकोने शेंगा सोलल्या, दाणे राखेत घोळवले, गाडगं काठोकाठ भरलं. एक दाणा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "चावा." बी नीट वाळलं का, हे दातानेच कळतं. कट्टकन वाजला. ती खूश झाली. माझ्या तोंडात कडू पसरलं आणि मी दाणा अंगणात थुंकला.

"थुकताव काय?" ती वाकून तुकडे शोधू लागली. "त्या दाण्यापाठी एक वेल गेली ना."