सातशे शहाऐंशीच्या नोटा

कळमनुरीत आमची पिठाची गिरणी होती. सासऱ्यांनी टाकलेली. ते गेल्यावर ती चालवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे शाळेत कारकून, यांना गिरणीचा आवाज सहन व्हायचा नाही. मी बसायला लागले ती सतरा वर्षं बसले. पापण्यांवर पीठ, कानात पीठ, गल्ल्यातल्या नोटांवर पीठ.

समोर एका शिंप्याचं दुकान होतं. मुसलमान, वयस्कर. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. बायको वारलेली, घरात एक मुलगी. एकदा ज्वारीचा डबा ठेवून ते उभेच राहिले.

"बाई, एक काम करता का? ज्या नोटंच्या नंबरात शेवटी सातशे शहाऐंशी असंल, ती माझ्यासाठी ठेवा. मी बदल्यात दुसरी देतो."

"काहून, चाचा?"

"आमच्यात हा आकडा बरकतीचा. पोरीचं लगीन करायचं हाय दोन-तीन वर्सांत. एक रुपयापासून शंभरापर्यंत एकेक नोट तिला देईन म्हणतो. सोनं काय माझ्यानं होत न्हाई."

मला यात अवघड काही वाटलं नाही. नोट हातात आली की उजेडाकडं धरायची, शेवटचे तीन आकडे बघायचे, गल्ल्यात टाकायची. पण दिवसभर हेच केलं की मान अवघडते. शिवाय गिऱ्हाईकाला वाटतं, आपल्यावर संशय घेतला. "काय पाहून राहिल्या, बाई? खोटी हाय का नोट?" मग दरवेळी त्यांना समजावून सांगायचं, तेही गिरणीच्या आवाजावरून ओरडून.

एक, दोन, पाच, दहा गल्ल्यातच मिळाल्या. वीसचीही बऱ्याच महिन्यांनी मिळाली. पन्नासची यांच्या पगारात निघाली. तेव्हा पगार रोखीनं यायचा, हे घरी आले की मी पाकीट मागून घ्यायची आणि हे म्हणायचे, "चहा तरी टाक आधी." शंभराची चाचांनी स्वतः मिळवली, आठवडी बाजारात एका बैलवाल्याकडून. त्या दिवशी त्यांनी मला पेढा आणून दिला.

मुलगी हट्टा गावी दिली. सात नोटा मखमलीवर लावून त्यांनी काचेची चौकट केली होती. लग्नात बाया ती बघायला गर्दी करत होत्या. मला उगाच वाटत होतं की माझंच काही तरी मांडलंय. आणि आपण सुटलो, असंही वाटलं.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी ती मुलगी माहेरी आली. दुपारी गिरणीत आली, तेव्हा हातात डबा नव्हता.

"मावशी, बोलायचं हाय थोडं."

मी पट्टा उतरवून गिरणी थांबवली. तिनं सांगितलं ते असं. तिच्या तान्ह्या लेकीला ताप चढला, नांदेडला दवाखान्यात ठेवावं लागलं. होतं नव्हतं ते संपलं. एका सकाळी इंजेक्शन आणायला पैसे कमी पडले, तेव्हा नवरा हट्ट्याला गेला, चौकटीची काच फोडली आणि सातही नोटा घेऊन आला. एकशे अठ्ठ्याऐंशी रुपये. लेकरू वाचलं.

"मग झालं तर," मी म्हणाले.

"अब्बांना ठाऊक न्हाई. ते आले की मी म्हणते, चौकट सासूच्या पेटीत हाय, चावी सापडत न्हाई. किती दिवस म्हणू? मावशी, तुमी तवा जमवल्या. आजून एकदा जमतील का?"

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. माझं वय झालं नव्हतं, पण थकले होते. वीज आठ-आठ तास जायची आणि आली की सगळं गाव एकदम डबे घेऊन उभं राहायचं. तिच्याकडं बघून मी "बघते" म्हणाले. बघते म्हणजे हो, हे तिलाही कळलं.

पुन्हा नोटा उजेडाकडं धरणं सुरू झालं. आता एक-दोनच्या नोटा क्वचित यायच्या, आल्या तर चिकटपट्टी लावलेल्या, नंबर अर्धा गेलेला. मला चष्मा लागला; काचेवर पीठ बसलं की काहीच दिसायचं नाही. त्यात चाचा समोरच मशीनवर बसलेले. एकदा त्यांनी विचारलंच.

"आजूक नंबर पाहता, बाई?"

"सवय लागली, चाचा."

त्यांनी मान खाली घालून मशीन पुन्हा चालवायला घेतली.

एकदा गर्दीत मी एका बाईला वीसची नोट परत दिली. ती वळली आणि माझ्या डोळ्यांपुढं आकडे आले. सात, आठ, सहा. गिरणी चालू टाकून मी तशीच धावले. कोपऱ्यावर तिला गाठलं.

"बाई, जरा ती नोट दाखवा."

"बराबरच दिल्या तुमी. जास्ती न्हाईत," ती पदराची गाठ आवळत म्हणाली.

"जास्ती न्हाई हो. तीच पायजे. ही दुसरी वीस घ्या."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिठानं पांढरी झालेली, धापा टाकणारी बाई. तिनं नोट बदलून दिली, पण पुढं तिचा डबा आमच्याकडं कधी आला नाही. मी परत आले तर वर ओतलेला दाणा संपलेला, जाती कोरडीच फिरत होती.

दोन वर्षं झाली. सहा नोटा मिळाल्या. दोनची मिळाली नाही ती नाहीच. शेवटी ईदला मुलगी आली तेव्हा मी सहा त्या आणि एक साधी दोनची नोट तिच्या हातावर ठेवली.

"चालंल," ती म्हणाली. "अब्बाला आता सुईचं नाकच दिसत न्हाई, नंबर कुठला दिसायला."

नंतर चाचा हट्ट्याला जाऊन आले. आल्यावर दुकान न उघडता गिरणीत आले आणि पोत्यावर बसले.

"चौकट पाहिली, बाई. तुमी लई तकलीफ घेतली."

मी फडक्यानं गल्ला पुसत राहिले.

"जावयानं मला तवाच सांगितलं होतं, दवाखान्यातच. बरकतीच्याच नोटा होत्या, लेकराच्या कामी आल्या. बराबर झालं."

"तवाच?" माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मंग मला काहून बोलले न्हाई? दोन वर्सं डोळे फोडून राहिले मी इथं!"

"पोरगी लपवून राहिली होती. बापानं कसं उघडं करावं?" ते खाली बघत म्हणाले. "अन् खरं सांगू? तुमी नोट उजेडाला धरायच्या, मी तिकून पाहायचो. वाटायचं, तिची आई असती तर अशीच बसली असती."

राग होता आणि तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. "उठा चाचा, पोतं मोकळं करायचंय," एवढंच म्हणाले. ते उठले. आठ-दहा दिवस मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मग एक दिवस त्यांनी दोन कप चहा मागवला, एक माझ्याकडं पाठवला, आणि मी प्यायले.

पुढं त्यांची नजर पारच गेली. दुकान बंद करून ते मुलीकडं राहायला गेले. गिरणी विकल्यावर मी एकदा हट्ट्याला जाऊन आले. मुलीनं जेवायला घातलं. ओसरीवर बाजेवर चाचा बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"गिरणी कशी चालू हाय, बाई?"

"विकली, चाचा."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि मला बसायला बाजेवर सरकून जागा दिली.