शेषरावांचा शिस्तीचा अबोला

धामणगाव बढ्यात भांडणारे पुष्कळ, पण अबोला धरावा तर शेषरावांनीच. चुलतभावाशी ते तपभर बोलले नाहीत आणि एकदाही जीभ घसरली नाही. त्यांचे नियम होते. अबोला तोंडावर सांगून धरायचा, चोरून नाही. धरला की आपल्यासमोर कोणी त्या माणसाचं नाव काढायचं नाही. आणि लग्न, मयत, दवाखाना यांना अबोला माफ. काकू गेली तेव्हा खांदा द्यायला हेच पुढे होते. घरी येऊन अंघोळ केली आणि चुलतभावाकडे पुन्हा पाठ फिरवली. गाव त्यांना मान देई तो उगाच नव्हे.

मग त्यांच्या हाती मोबाईल आला. सून काजलने फेसबुक काढून दिलं आणि शेषराव रोज सकाळी आपला फोटो टाकू लागले. एकदा नवा फेटा बांधून, कपाशीत उभं राहून, मिशीला पीळ देऊन काढलेला फोटो टाकला. त्याखाली इंद्रभानने खदाखदा हसणारं तोंड चिकटवलं. इंद्रभान म्हणजे शाळेपासूनचा जिवलग, स्टँडवरच्या टपरीतला रोजच्या चहाचा सोबती. म्हणूनच ते जास्त लागलं. परका हसला तर सोडून देता येतं.

"याले बंद कसं करतेत?" त्यांनी सुनेला विचारलं. काजलने ब्लॉक करून दिलं. तिचं काम तिथे संपलं, सासऱ्यांचं सुरू झालं. न सांगता दार लावणं म्हणजे चोरट्याचं काम! ते तडक इंद्रभानच्या घरी गेले.

"तुले ब्लॉक केलं मी."

"बरं केलं. बस, चहा घे."

"चहा घेत नाई. ब्लॉक केलं म्हणतो ना!"

"आयकलं बे. अदरक टाकाले सांगू का?"

शेषराव चहा न घेताच परतले आणि वाटेत भेटेल त्याला बातमी देत आले. गावाने मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर इंद्रभानचं नाव कोणी काढीना.

पण या अबोल्यात काही राम नव्हता. चुलतभावाशी बोलणं बंद होतं तेव्हाही त्याच्या घरी कोण आलं, काय शिजलं, सगळं कळायचं. इथे इंद्रभान फोनमधून पुसूनच गेला होता.

"यात मध्यस्थ कुठं असते बाई?" त्यांनी काजलला विचारलं. ती तोंडाला पदर लावून हसली. मध्यस्थ नव्हता, आणि आपणहून आधी बोलणं शेषरावांच्या नियमात बसत नव्हतं.

पुढे काजल माहेरी गेली आणि त्याच दिवसांत इंद्रभान टपरीवर दिसेनासा झाला. रुसला असेल, म्हणून शेषरावांना मनातून जरा बरंही वाटलं. रुसलेला माणूस आपली आठवण काढतो.

पंधरवड्याने इंद्रभान काठी टेकत टपरीवर आला, वाळून निम्मा झालेला. शेषरावांचा नियम जागीच मोडला.

"काय झालं बे तुले?"

"ऑपरेशन. बुलढाण्याले दवाखान्यात होतो. फेसबुकवर टाकलं होतं ना. सारं गाव येऊन गेलं."

"मले काहीच दिसलं नाई!"

"आमाले वाटलं तुमाले मालूम असंल," टपरीवाला उकंडराव गाळणी झटकत म्हणाला. "अन् तुमच्यासमोर याचं नाव कसं काढाव भाऊ?"

"अरे, पण अबोल्यात दवाखाना माफ असते!" शेषराव ओरडलेच. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"मालूम हाये," इंद्रभान हळू म्हणाला. "म्हणून तर रोज दाराकडं पाहत होतो. बायकोले सांगत होतो, शेषराव हाये तो, येतेच."