सौदामिनीबाईंचं गप्प बसणं

उदगीरच्या स्टेशनामागे ख्रिस्ती मंडळींची थोडीशी घरं होती, आणि त्या सगळ्या घरांत मिळून सौदामिनीबाईंएवढा आवाज कुणाचा नव्हता. सौदामिनी म्हणजे वीज. पण बाईंचं नुसतं नावच विजेचं, गडगडाट ढगांचा. मिशनच्या दवाखान्यात त्या आया होत्या. दारात उभं राहून रोग्यांची नावं पुकारणं हे त्यांचं काम. त्या पुकारत तेव्हा चिंचेखाली डोळा लागलेला रोगी तर उठेच, पण रस्त्यानं निघालेला त्याच नावाचा एखादा धडधाकट माणूससुद्धा आत येऊन उभा राही.

प्रार्थनेलाही हाच आवाज. दर गुरुवारी दिवेलागणीला बाईंच्या ओसरीवर प्रार्थनासभा भरायची. गायनं व्हायची, मग गायनाचं पुस्तक हातोहात फिरायचं. पुस्तक ज्याच्या हाती येईल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि ते पुढच्याला द्यायचं, अशी रीत. बाईंच्या हाती पुस्तक आलं की शेजारच्या गौसियाबी चुलीवर डाळ चढवत. बाई पावसापासून सुरुवात करत, निजाम सरकारच्या प्रकृतीवरून रामकिशनच्या आटलेल्या म्हशीवर येत, आणि त्यांचं आमेन होईपर्यंत डाळ शिजलेली असे.

हा रामकिशन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. पाठीवर पोतं पेलायचा, पण देवाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की त्याला खोकला यायचा. खोकल्याच्या आडोशानं पुस्तक गुपचूप पुढं सरकायचं. एका गुरुवारी बाईंनी त्याचं मनगटच धरलं.

"मोंढ्यात वरडताना खोकला येत न्हाई तो तुला?" त्या म्हणाल्या. "आजपासून नेम ऐका सगळे. पुस्तक कुणाला चुकवून पुढं जाणार न्हाई. ज्याच्या हाती आलं त्यानं बोलल्याबिगर सोडायचं न्हाई. मग किती का उशीर होईना, आपण बसून राहू."

बाईंचा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रामकिशननं त्या दिवशी म्हशीसाठी दीड वाक्य म्हटलं आणि घाम पुसला.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली आणि बाईंची इंदू गेली. नऊ वर्षांची पोर, सकाळी खेळत होती. मातीला पाळक शरदचंद्र आले. ते तेव्हा बिदरला राहत, तिकडून इकडची मंडळी सांभाळत. त्या दिवशी त्यांना आणखी दोन घरी जायचं होतं. त्यांनी भराभर प्रार्थना म्हटली, 'हे लेकरू तुझ्या हाती देतो' म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं पुढं गेले. त्यात पोरीचं नाव घ्यायचं राहून गेलं. बाई हंबरडा फोडत होत्या, त्यांना ते कळलंही नाही.

त्यांचे यजमान उद्धवराव स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी यायची झाली की रूळ बदलायचा, निशाण दाखवायचं, एवढं त्यांचं काम. मूळचाच माणूस कमी बोलणारा. इंदू गेल्यावर बोलत होते तेवढंही बोलेनासे झाले. जेवायला वाढ, कंदील दे, यापलीकडे शब्द नाही. गुरुवार आला की ड्यूटीचं निमित्त काढून रुळांकडे निघून जात. ओसरी त्यांचीच, पण सभा संपेपर्यंत घराकडे फिरकत नसत. बाई मात्र दर गुरुवारी इंदूसाठी प्रार्थना करत. तिचे परकर, तिचं गाणं, तिची शेवटची तहान, सगळं देवापुढं मांडत आणि पदरानं डोळे पुसत. सगळी ओसरी रडायची. मन हलकं व्हायचं ते बाईंचं.

सहा महिन्यांनी बाईंनी नवऱ्याला गाठलं.

"अवो, असं का करून राहिलात? लोकं काय म्हणतील ते जाऊ द्या. पण तुम्ही नसलात की मलाच कसंतरी होतंय."

"तिथं बोलावं लागतंय," उद्धवराव म्हणाले.

"नका बोलू. नुसतं बसा."

त्या गुरुवारी उद्धवराव आले. रामकिशन आणि म्हाताऱ्या उमाबाई यांच्यामध्ये मांडी घालून बसले. आता बाईंची चूक बघा. नवऱ्याला शब्द दिला, पण मंडळींना सांगायचं साफ विसरल्या. पुस्तक फिरत फिरत रामकिशनकडे आलं. त्यानं आपलं दीड वाक्य म्हटलं आणि सवयीनं पुस्तक उद्धवरावांच्या हातात ठेवलं.

उद्धवरावांनी ते मांडीवर घेतलं आणि खाली मान घातली. सगळे वाट बघू लागले. नेम मोडायचा कुणी? बाईंच्या देखत कुणाची छाती नव्हती, आणि बाईंनी मोडावा तर चारचौघांत नवऱ्याला मुका ठरवल्यासारखं झालं असतं. आपल्याच दोरीत आपलाच पाय अडकला. मग सगळेच बसून राहिले. आधी अवघडून. कुणी पाय मोकळे केले, कुणी बायबलाच्या कडा सारख्या केल्या. मग हळूहळू तेही थांबलं. अंगणातल्या निंबावर पाखरं बसत होती, ती ऐकू येऊ लागली. कुणाचा श्वास कसा चाललाय तेही ऐकू येऊ लागलं. गौसियाबी कुंपणाशी येऊन डोकावल्या आणि "सब सो गए क्या?" असं पुटपुटून परत गेल्या. स्टेशनात मालगाडीची घंटा झाली तेव्हा उद्धवरावांनी पुस्तक बाजूला ठेवलं, कंदील घेतला आणि ते कामावर गेले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "आज लई बरं वाटलं गं. कुणी काही मागितलं न्हाई, तरी काहीतरी मिळाल्यावानी झालंय."

पुढच्या गुरुवारी उद्धवराव न बोलावता येऊन बसले. बाईंना एवढं पुरे होतं. त्यानंतर पुस्तक त्यांच्यापाशी आलं की तिथंच थांबायचं, आणि मंडळी त्यांच्याबरोबर गप्प बसायची. बघता बघता लोक त्याचीच वाट पाहू लागले. रामकिशन तर इतका रमला की त्याचा खोकला कायमचा गेला. उमाबाईंना एकच अडचण: "गप बसलं की मन लई पळतंय वो बाई." बाईंकडे उत्तर तयारच. "वाळवण घातलं की चिमण्या यायच्याच. एकेकीच्या मागं पळत सुटलं तर पापड कवा व्हायचे? मनात 'प्रभू' म्हणा आन् बसा. आल्या तशा जातील." शिकवताना बाईंचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा, हे वेगळं सांगायला नको.

पण दिवस तसे नव्हते. संस्थानात सत्याग्रहाचं वारं होतं आणि चार माणसं जमवायची तर परवानगी लागे. पोलिसांच्या अमीनसाहेबांना ख्रिस्ती लोकांचं गाणं-बजावणं माहीत होतं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. ते एकाएकी बंद का झालं, हे त्यांना कळेना. त्यांनी गौसियाबींच्या यजमानांना, जिलानी टांगेवाल्यांना, बोलावून विचारलं. जिलानीभाई शेजाऱ्यांच्या भल्यासाठीच बोलायला गेले.

"साब, ये लोगाँ कुछ बोलतेच नै."

"फिर करते क्या?"

"बैठते, साब."

झालं. भाषण असतं तर अमीनसाहेबांनी लिहून तरी घेतलं असतं. नुसत्या बसण्याचं काय करायचं? गुरुवारी एक शिपाई बाईंच्या निंबाखाली येऊन उभा राहू लागला, आणि बिदरला पाळकसाहेबांच्या कानावर गोष्ट गेली.

पाळक शरदचंद्र पुढच्याच गुरुवारी उतरले. माणूस वाईट नव्हता. मंडळी कोर्टकचेरीत सापडतील या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. शिवाय मुक्यानं बसणं ही प्रार्थनाच नव्हे, असं त्यांचं मत होतं. सलाम झाले, गायनं झाली आणि त्यांनी सांगून टाकलं, "आज सगळे मोठ्यानं प्रार्थना करतील. बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाऊ द्या. यापुढे ज्याला बोलणं जमत नाही त्यानं सभेत बसू नये."

पुस्तक फिरू लागलं.  इतक्या दिवसांनी माणसांत येऊन बसलेला आपला माणूस आज उठून रुळांकडे गेला तर पुन्हा येणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

पुस्तक उद्धवरावांकडे आलं आणि थांबलं. पाळकसाहेबांनी थोडी वाट पाहिली, मग बाईंकडे वळले. "बाई, त्यांच्या बदली तुम्हीच करा. तुम्हाला काय अवघड आहे?"

काहीच अवघड नव्हतं. प्रार्थना बाईंच्या गळ्याशी तयार होती, इंदूच्या परकरापासून तहानेपर्यंत सगळी. त्यांनी तोंड उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं की पोरीसाठी जे काही बोलायचं होतं ते सगळं आपणच बोलून टाकलं. बापाच्या वाट्याला काही ठेवलंच नाही. 

"न्हाई साहेब," त्या म्हणाल्या, आणि आवाज नेहमीच्या निम्म्यानंही नव्हता. "पुस्तक त्यांच्या हातात हाय. नेम मीच केलाय. आम्ही बसतो."

पाळकसाहेबांनी हात पुढं केला. "आणा इकडं, उद्धवराव."

उद्धवरावांनी मुकाट्यानं पुस्तक दिलं. तेवढ्यात रामकिशन दबकत म्हणाला, "साहेब, आता पुस्तक तुमच्या हाती हाय."

उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. पाळकसाहेब घसा साफ करून बसले. "हे आमच्या स्वर्गीय पित्या," त्यांनी सुरुवात केली, "या तुझ्या दासाचं दुःख तू जाणतोस. त्याचं ते लेकरू..." आणि तिथं ते अडखळले. समोर उद्धवराव मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. लेकराचं नाव पाळकसाहेबांना आठवेना. मातीच्या दिवशीही त्यांनी ते विचारलं नव्हतं, हेही बहुधा त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं. आठवेल म्हणून ते थांबले, आठवलं नाही. आमेन म्हणून सुटता आलं असतं, पण ते सुटले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्याबरोबर सगळी ओसरी गप्प झाली. निंबाखालच्या शिपायानंही काठी बगलेत धरली.

बऱ्याच वेळानं पाळकसाहेबांनी डोळे उघडले आणि पुस्तक दोन्ही हातांनी उद्धवरावांपुढं धरलं. "उद्धवराव, मला माफ करा. तुम्हीच घ्या."

उद्धवरावांनी पुस्तक घेतलं.

"इंदू," ते म्हणाले. "इंदू नाव हाय तिचं."

आणि पुस्तक त्यांनी उमाबाईंकडे दिलं. पुढं ते बाईंच्या हाती आलं तेव्हा तिकडं गौसियाबींनी डाळ चढवली होती. ती त्या दिवशी कच्चीच राहिली. बाईंनी पुस्तक छातीशी धरलं, गप्प बसल्या आणि आमेन म्हणाल्या.

शिपाई जाता जाता कुंपणाशी उभ्या जिलानीभाईंना विचारता झाला, आज काय बोलले म्हणून. "बेटी का नाम लिये," ते म्हणाले. शिपायानं मान हलवली आणि तो निघून गेला. पाळकसाहेब परत जाताना सभा बंद करा असं म्हणाले नाहीत. 'अमीनसाहेबांना मी भेटतो,' एवढंच म्हणाले.

गाडीची वेळ झाली. बाईंनी कंदील पेटवला, आणि का कोण जाणे, त्या दिवशी त्याही नवऱ्याबरोबर सांध्यापर्यंत निघाल्या.

"इंदूला कंदील धरायचा असायचा," रूळ ओलांडताना उद्धवराव म्हणाले. "वजन पेलायचं न्हाई, तरी सोडायची न्हाई." मग ते बोलतच राहिले, गाडीला कंदील दाखवून झाला तरी, गाडी गेली तरी, घराच्या पायरीपर्यंत. त्यातलं पुष्कळसं बाईंना ठाऊक नव्हतं. त्या ऐकत चालल्या होत्या आणि मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.