प्लॅस्टिकमध्ये जपलेला रिपोर्ट

दीपमाला गेली अठरा वर्षे नाशिकजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी समुपदेशक होती. तिची खोली जिन्याखाली. दारावर ‘एचआयव्ही तपासणी’ ही पाटी इतक्या ठळक अक्षरांत रंगवलेली, की ज्यांनी बिनधास्त आत यावे तेच फाटकातून माघारी फिरत. पाटी लहान करावी, असा अर्ज तिने चार वेळा केला. उत्तरादाखल पाटीला नवा रंग मिळाला.

महाविद्यालये तिला व्याख्यानाला बोलावत आणि प्राचार्य हळूच सुचवत, “मॅडम, संस्कारांवर भर द्या. ते निरोधबिरोध नको, मुली बसल्या आहेत.”

“सर, आजारालाही सांगून ठेवा, मुली बसल्या आहेत म्हणून,” ती म्हणे. पुढच्या वर्षी बोलावणे येत नसे.

म्हणूनच, चोवीस वर्षांचा ज्ञानेश एका नोव्हेंबरात आपल्या पायांनी आत आला, तेव्हा तिला मनापासून बरे वाटले. बापाच्या मळ्यातली गुलाबाची फुले पिकअपमधून बाजारात नेणारा मुलगा. मित्रांबरोबरच्या एका सहलीत निरोधाशिवाय संबंध आला होता. त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तसा तो उठूनच उभा राहिला.

“बस,” दीपमाला म्हणाली. “गुलाबाची छाटणी केल्यावर दुसऱ्या दिवशी कळ्या मोजतोस का?”

“नाय मॅडम. दीड महिना तरी जातो.”

“रक्ताचंही तसंच. विषाणू शिरला असला तरी तपासणीत दिसायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी पुन्हा ये. तोवर निरोधाशिवाय काही नको.”

तिने रिपोर्टच्या पाठीमागे लाल पेनाने तारीख लिहिली, १८/२, आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

फेब्रुवारी आला, गेला. ज्ञानेश आला नाही. मार्चमध्ये त्याचे वडील गोटीराम आले. हातात गुलाबांची जुडी, आणि काखेतल्या पिशवीत तो रिपोर्ट, चकचकीत लॅमिनेट केलेला. त्या घरात ज्या कागदाला किंमत असे तो प्लॅस्टिकमध्ये जाई: आधार, दहावीची गुणपत्रिका, आणि आता हा. पिकअपमध्ये कागद सापडला तेव्हा मुलाने ‘लग्नासाठी तपासून घेतलं’ एवढेच सांगितले होते आणि बापाची छाती फुगली होती.

“ताई, पत्रिकेसंगं हा बी ठेवतो आम्ही. पाहुणे लय खूश झाले. म्हणले, असा तपासलेला जावई मिळत नाय. यावर फकस्त एक गोल शिक्का मारून द्या.”

दीपमालाने तो उलटा केला. प्लॅस्टिकखाली तारीख जशीच्या तशी होती. मुलाविषयी बापाशी बोलायला कायद्याने मनाई होती. तो कायदा ती स्वतःच इतरांना शिकवत असे.

“शिक्का नाही मिळणार, गोटीरामभाऊ. ज्ञानेशला पाठवा.”

“त्याला कुठला येळ? लगनसराई हाय, फुलं थांबत्यात का?”

तिने ज्ञानेशला फोन केला. एकदा नव्हे, पाच वेळा. पाचव्यांदा त्याने उचलला.

“मॅडम, निगेटिव्हच आहे ना? आता तुमच्या दारात कुणी पाहिलं तर सोयरीक मोडेल.”

“दुसऱ्या गावी जा. माझ्याकडे नको येऊस, पण तपासून घे.”

“बघतो,” तो म्हणाला. या शब्दाचा अर्थ तिला अठरा वर्षांत पुरता कळला होता.

मे महिन्यात लग्न झाले. मंडपातली गुलाबाची फुले घरच्याच मळ्यातली होती, असे गावात कौतुकाने बोलले गेले.

दिवाळीनंतर वैष्णवी आली. वय एकवीस, तिसरा महिना, गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्यांसाठी. एचआयव्हीच्या एका किटवर दोन रेघा उमटल्या. दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही तेच. दीपमालाने दार लोटून घेतले आणि शक्य तितक्या सावकाश सांगितले: औषधे रोजची आहेत, फुकट आहेत, लगेच सुरू करायची, नियमित घेतली तर बाळ सुखरूप राहण्याची आशा फार मोठी आहे, तूही पुष्कळ जगशील. एकही वाक्य खोटे नव्हते. पण त्यांतले एकही त्या मुलीपर्यंत पोहोचत नव्हते.

“काहीतरी चुकलं असेल,” वैष्णवी म्हणाली. तिने पर्समधून ज्ञानेशचा तो लॅमिनेट केलेला रिपोर्ट काढला. “हे बघा ना, ताई. सासूबाई म्हणाल्या, दवाखान्यात जातेस तर जवळ असू दे.”

दीपमालाने हात पुढे केला नाही. वैष्णवीनेच तो उजेडाकडे धरला, उलटा केला.

“मामंजी म्हणतात, हा दवाखान्याचा नंबर असेल. पण ही तर तारीख आहे. कोणी लिहिली?”

“मी.”

“कशाची?”

कायद्याने शिवलेले तोंड आता उघडून काय उपयोग होता? “पुन्हा तपासायला यायची,” ती म्हणाली.

वैष्णवीने लग्नाची तारीख मनात मांडली असावी. तिचे ओठ हलले. मग तिने रिपोर्ट टेबलावर ठेवला, दीपमालाच्या लाल आकड्यांची बाजू वर करून.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

यावर दीपमालाकडे उत्तर होते. नियमाचे कलमही तोंडपाठ होते. तिने नोंदवही ओढली, आजची तारीख घातली, आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.