भाचीचं लग्न आन् गाडीचे बुश

माझी शाळा तिसरीत सुटली. मी शाळेला सोडलं का शाळेनं मला, याचा निकाल अजून लागला न्हाई. पन गाडी मातर मी शिकलेल्या मानसाची घेतली. पुन्यातल्या एका हौशी पोराची, लाल, बुटकी, दोन सायलेन्सरची, पळवायसाठीच बनवलेली. ती चालू केली का आमच्या आळे गावात आधी कुत्री भुंकायची, मग बायको.

भाचीचं लग्न ठरलं तळेघरच्या अंगाला, नवऱ्याच्या दारात. आमच्यात नवरीला मांडवात आनायचा मान मामाचा. भाची म्हनली, "मामा, मी तुमच्या लाल गाडीतनंच जानार." मी दोन दिवस गल्लीतनं आडवाच चालत व्हतो, छाती मावत नव्हती म्हनून.

पन गाडीची पुढची चाकं खडाखडा वाजायला लागली व्हती. जुन्नरच्या बाजारात माझ्या ओळखीचा मिस्त्री हाये. त्यांच्या घरात आज्ज्यापास्नं लोखंडाचं काम. तो गाडीखाली घुसला आन् तिथनंच म्हनला, "भाऊ, लोअर आर्मचे बुश गेले."

लोअर आर्म म्हंजे चाकाला धरून ठेवनारा लोखंडी हात. तो गाडीला जिथं जोडलेला अस्तो तिथं मधी बुश. आपल्या गुडघ्यात गादी अस्ती ना, तसंच.

मिस्त्रीनं दोन तऱ्हेचे बुश म्होरं ठेवले. एक काळा, रबराचा. दुसरा पिवळा, असा कडक का नख दाबलं तर नखच मोडावं. "काळा खड्डा गिळतो," तो म्हनला, "पन जोरात वळवली का गाडी जराशी डुलती. पिवळा डुलू देत न्हाई, पन रस्त्यातला खडा न् खडा तुमच्या बुडाला कळवतो. रेसवाले पिवळा घालत्यात. तुमी काय करताय?"

आता इचार करायचं काम मी सहसा अंगावर घेत न्हाई, पन त्या दिवशी घेतलं. म्हनलं, "मिस्त्री, आमी लहानपनापास्नं बैलगाड्याच्या शर्यती बगतोय. शर्यतीच्या गाड्याला कुठं रबर अस्तंय? लाकूड न् लोखंड, सगळं आवळून घट्ट. म्हनून तर वाऱ्यासारखा पळतो. पिवळाच घाला."

मिस्त्रीनं हात पुसले. "पावनं, आपल्याकडं शर्यतीच्या घाटात गाडा पळतो, तवा गाड्यात कोन बसलेलं अस्तं?"

"कोन न्हाई. मोकळाच पळतो."

"का मोकळा पळतो?"

यावर मी म्हनलं, "तुमी पिवळा घाला हो."

पिवळे बसले. आक्काला आन् भाचीला घेऊन आळेफाट्यापर्यंत चक्कर मारायला निघालो. आक्का म्हंजे माझी थोरली भैन, नवरीची आई. वळनावर गाडी अशी चिकटून गेली का मला माझाच हेवा वाटला. म्हनलं, "कशी वाटती?" मागनं उत्तर आलं, पन ते आक्काच्या तोंडातनं बाहेर पडस्तोवर त्याचे चार तुकडे झाले. "थां-ब-ये-ड्या!"

गाडी थांबली तवा भाचीच्या बांगड्या कोपराला गेल्या व्हत्या. आक्काचा पदर कुठं, केस कुठं.

"पोरगी नांदायला चाललीय," आक्का म्हनली, "दळायला न्हाई. तळेघरच्या रस्त्याला हिचा अंबाडा सुटंल, मळवट नाकावर येईल. तिकडची मानसं म्हनतील, पोरगी मारून आनली. नवरी तिच्या काकाच्या पांढऱ्या गाडीत जाईल. तू ये मागनं, वाजंत्रीवाल्यांबरूबर."

मान गेला. भाची उतरताना हळूच म्हनली, "मामा, मला तुमच्याच गाडीतनं यायचंय हो. निस्ती बसता येन्यासारखी करा."

परत जुन्नर. मिस्त्रीनं आधी चहा मागवला, मग हसला. दोन्ही कामं त्यानं निवांत केली. मग म्हनला, "आर्मला बुश दोन अस्त्यात. पुढचा पिवळा राहू दे, म्हंजे गाडी तुमी वळवाल तिकडंच जाईल. मागचा मोठा असतो, धक्का तोच खातो. तो काळा घालू. तुमचा बी मान राहील, नवरीचा बी."

काळा बसला. गाडी अजून जॅकवर व्हती. मी म्हनलं, "आवळा आन् सोडा."

"हवेत आवळला तर रबर पिळलेलं राहतं आन् लवकर फाटतं. चाकं जमिनीवर पायजेत, वरनं वजन पायजे. लग्नाला गाडीत कोन कोन बसनार? बोलवा त्यांना."

आक्का, भाची आन् माझी बायको बाजारातच व्हत्या, बांगड्या भरायला. तशाच आल्या, पिशव्या न् भज्यांचा पुडा घेऊन. गाडीखाली काम करायला खनलेल्या खड्ड्यावर गाडी उभी केली, बाया आत बसल्या, मिस्त्री खाली उतरला. मला म्हनला, "तुमी बी बसा. डोकं धरू नका वजनात, बाकीचं पुरंल."

दारात मानसं जमली. एकानं इचारलं, "वहिनी, कुठं निघालात?"

"कुठं न्हाई," बायको भजं खात म्हनली. "यांनी आमाला वजन म्हनून बसवलंय. लग्नाला एवढी वर्षं झाली, आज कुठं आमाला वजन आलं."

आक्का खिडकीतनं वाकून वरडली, "मिस्त्री, मी जास्त भरत असंल तर सांगा, मी भजी ठेवते!"

खालनं पाना वाजायचा थांबला. मिस्त्री हसत व्हता, त्याला बोल्ट सापडंना.

तिथनं आळ्यापर्यंत आक्कानं उरलेली भजी खाल्ली, एक बी सांडलं न्हाई. दारात उतरल्यावर एवढंच म्हनली, "लग्नादिवशी येळंवर ये."

लग्नादिवशी घोडेगाव मागं पडलं, वळनं लागली. मी लई तयारी केली व्हती, नवरीला मामाचा हात दाखवायचा. पहिलं वळन झोकात घेतलं आन् आरशात बगितलं, तर आक्कानं ओठावर बोट धरलेलं. भाची तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली व्हती. चार दिस हळदी-पाहुन्यांत तिला झोप कुठली? मग काय, पळनारी गाडी मी पाळन्यासारखी चालवली. काकाची पांढरी गाडी हॉर्न देत पुढं गेली. वाटंतल्या एका गावातली म्हशीवाली बाई पन पुढं गेली असती, पन म्हशीला घाई नव्हती.

तळेघरच्या अलीकडं मांडवाच्या दारात गाडी बंद केली. वाजंत्री तयारच व्हती, मी हातानं थांबवली. मळवट जिथल्या तिथं व्हता. आक्कानं पोरीच्या गालाला हात लावला. भाचीनं डोळं उघडलं, माझ्याकडं बगितलं आन् म्हनली, "मामा, गाडी चालू करा की. अजून आपल्याच दारात किती थांबायचं?"

मी दार उघडलं, तिचा हात धरला आन् वाजंत्रीवाल्यांना म्हनलं, "आता वाजवा, पार फुटंस्तोवर वाजवा!"